पॅडची मागची बाजू

ब्रेक पॅडवरचा घासणारा थर अडीच मिलिमीटर उरला होता. तिने व्हर्नियरने दोन्ही टोकांना मोजला आणि आकडा वहीत लिहिला.

"तीनच्या खाली गेला की बदलायचा," मिस्त्री म्हणाला. "वेळेवर आणलीत, ताई."

तिने वही मिटली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना मोजमापं शिकवण्यात तिची वीस वर्षं गेली होती. आकडा बोलत असेल तर आपण गप्प बसावं, हे अंगवळणी पडलं होतं.

तीन वर्षांपूर्वी याच मिस्त्रीने तिच्या नवऱ्याच्या गाडीचे ब्रेक पॅड बदलले होते. चौथ्या दिवशी ती गाडी रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकवर मागून आदळली. चालवत होता तिचा धाकटा दीर. नवरा शेजारी बसला होता. दीर वाचला.

पेडल तळाला टेकेपर्यंत दाबलं, नुसतं लोखंडावर लोखंड घासलं, गाडी थांबलीच नाही, असं दिराने सगळ्यांना सांगितलं. नव्याच्या नावाखाली मिस्त्रीने जुनेच पॅड पुसून बसवले असणार, हेही त्यानेच सांगितलं. रस्त्यावर टायर घासल्याची एकही खूण नव्हती. सगळ्यांना पटलं.

नवेच घातले होते, असं मिस्त्री कळवळून सांगत राहिला. पण आठवड्याच्या आत गाडी भंगारात गेलेली. तो दाखवणार काय? गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. सहा माणसांच्या गॅरेजची एक पत्र्याची शेड झाली, आणि शेडमध्ये तो एकटा.

तिचं रडणं केव्हाच आटलं होतं. राग मात्र बुचाच्या बाटलीतल्या आम्लासारखा तसाच होता, थेंबभरही न उडालेला.

दिराची गाडी याच मिस्त्रीकडे द्यायची आणि समोर उभं राहून काम बघायचं, ही कल्पना तिचीच. दीर आधी नको म्हणाला होता. कशाला जुनं उकरून काढता, वहिनी, म्हणाला. मग म्हणाला, एकट्या जाऊ नका, मीही येतो. तसा तो तिला जपत असे. पाठचा भाऊ करणार नाही इतकं करायचा. अपघातानंतर त्याने दारूला हातही लावला नव्हता. भावाच्या दुःखाने माणूस सुधारला, असं नातेवाईक म्हणत.

मिस्त्रीने दुसऱ्या बाजूचं चाक उतरवलं. पॅड चाकाच्या तबकडीवर दाबणारा कॅलिपर सोडवून तो तारेने वर टांगला, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीवर ओझं येत नाही. पिस्टन सावकाश मागे दाबला. ती प्रत्येक गोष्ट बघत होती. ज्याच्यामुळे नवरा गेला तो माणूस तिच्यापासून चार हातांवर होता, आणि आज ती त्याला सोडणार नव्हती.

"काका, डबा तर नवा दिसतोय," दीर म्हणाला. "आतला माल कुठल्या गाडीचा?"

मिस्त्रीचे कान लाल झाले. त्याने डबा दिरापुढे धरला. "तुम्हीच फोडा, साहेब."

"राहू द्या. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच." दीर हसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत रस्त्यावर गेला.

मिस्त्रीने डबा फोडला. नवा पॅड पालथा केला आणि टोकदार खिळ्याने त्याच्या पाठीवर काहीतरी कोरलं.

"हे काय?"

"आजची तारीख. खाली माझ्या दोन तिरप्या रेघा. पुढच्या वेळी उघडला की कळतं, किती दिवस चालला."

"प्रत्येक पॅडवर कोरता?"

"हात कामाला लागला तेव्हापासून. मागची बाजू, कुणाला दिसत नाही."

तिने पॅड हातात घेतला. वहीत त्या रेघा जशाच्या तशा काढून घेतल्या. मग पुन्हा जागेवर जाऊन उभी राहिली. ज्यासाठी आली होती ते तिला मिळालं होतं.

चाकं चढली, गाडी खाली आली. दीर फोन संपवून परतला.

"गाडी हलवायच्या आधी पेडल दाबून घ्या, साहेब," मिस्त्री म्हणाला. "पहिल्यांदा पाय खाली जाईल. घाबरू नका."

दीर गाडीत बसला. त्याने पेडल दाबलं आणि त्याचा चेहरा उतरला. "अहो, लागतच नाही."

"दाबत राहा."

चौथ्या वेळी पेडल घट्ट झालं.

"दाबला की लागतो, साहेब," मिस्त्री म्हणाला आणि हात पुसू लागला.

"मी उद्या पोलिसांत तक्रार देणार आहे," ती म्हणाली. तीन वर्षं मनात घोळवलेलं वाक्य पहिल्यांदाच तोंडाबाहेर पडलं. "काका, तुम्हाला यावं लागेल."

मिस्त्रीची मान खाली गेली.

"शाब्बास, वहिनी." दिराने काच पूर्ण खाली केली. "अगदी बरोबर. दोषी सुटता कामा नये."

तिने पिशवीतून एक प्लास्टिकचा डबा काढला. आत गंजाचे डाग पडलेला एक पॅड होता. तो तिने मिस्त्रीच्या हातात ठेवला. मिस्त्रीने सवयीने तो पालथा केला, अंगठ्याने गंज पुसला आणि तसाच बघत राहिला. दोन तिरप्या रेघा. त्यांच्यावर तारीख, अपघाताच्या चार दिवस आधीची.

"ह्यांच्या गाडीतला. भंगारवाल्याकडे मिळाला. थर साडेदहा मिलिमीटर आहे, जवळजवळ नवा. लोखंडावर लोखंड घासलंच नव्हतं," ती म्हणाली आणि दिराकडे वळली. त्याचा पाय अजून पेडलवरच होता. "काका साक्षीला येतील, भावजी. तक्रार तुमच्याविरुद्ध आहे."