धुऱ्यापलीकडची टकटक

वावरालगतच्या घरासमोर नथ्थूनं पुन्हा किल्ली फिरवली, पण जीप नुसती खट् करून गप्प झाली. मागच्या सीटवर सून उर्वशी बाळंतपणाच्या कळांनी विव्हळत होती. तिचा हात धरून बसलेली रुखमाबाई नवऱ्यावर ओरडली, "मी म्हणत होती ना, जीपची बॅटरी वावरात नोका नेऊ!" डुकरं धानात शिरू नयेत म्हणून तो आठ दिवस रोज संध्याकाळी हीच बॅटरी काढून कुंपणाच्या तारांत वीज सोडणाऱ्या झटका मशीनला लावत होता. आज तिच्यात जीवच उरला नव्हता. एटापल्लीचा दवाखाना बावीस किलोमीटर लांब होता आणि चिखलात जीप ढकलून सुरू होणं शक्य नव्हतं. दिवस बुडत होता. धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधाच्या त्या बाजूला, शेजारच्या मनसारामची झटका मशीन टकटक वाजत होती; तिला ट्रॅक्टरची दणकट बॅटरी होती. पण ह्याच धुऱ्याच्या मोजणीवरून दोघं तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. "जा नं, मागा त्याले," रुखमाबाई म्हणाली. नथ्थू दोन पावलं गेला आणि थांबला. उर्वशी किंचाळली. तेवढ्यात टकटक बंद पडली. तीही बॅटरी गेली, असं नथ्थूला वाटलं. मग स्वतःचंच उभं धान तुडवत, खांद्यावर बॅटरी घेऊन मनसाराम येताना दिसला. त्यानं जीपला तारा जोडल्या. पहिल्याच किल्लीला जीप सुरू झाली. "अन् तुयं धान?" नथ्थूनं विचारलं. "तू निंघ आता," मनसाराम म्हणाला. "मी धुऱ्यावर बसतो. तिथून दोघायचंबी धान दिसते."