मनीप्लांटची तहान

मोडलेलं हाड सांधलं होतं, पायातही बळ आलं होतं. "आता त्यांनी स्वतःहून उठायला हवं," असं फिजिओथेरपिस्ट बाई लेकीला सांगून गेल्या. पण पुन्हा पडण्याच्या धास्तीने बाबा पलंग सोडत नव्हते, आणि शेजारच्या वॉकरवर टॉवेल वाळत होता.

"अगं, मनीप्लांट बघ कसा मान टाकून बसलाय," खिडकीकडे बोट दाखवत ते करवादले. "तुझ्या आईनं एवढ्याशा तुकड्यापासून वाढवलाय तो."

"विसरलेच बघा. संध्याकाळी घालते पाणी."

संध्याकाळीही ती विसरली. सकाळी बाबांच्या उशाशी पाण्याची बाटली भरून ठेवून ती कामाला निघाली.

"एक वेल सांभाळता येत नाही, आणि म्हणे ऑफिस सांभाळते!" तिच्या पाठीवर टोमणा आलाच.

ती परतली तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. टॉवेल पलंगावर होता, बाटली रिकामी होती. खिडकीखाली फरशीवर पाणी सांडलं होतं आणि वेलाची पानं टवटवीत झाली होती.

"घातलंस वाटतं पाणी शेवटी," वळून न बघता बाबा म्हणाले.

"हो, आठवलं एकदाचं."

कोणाचा पाय घसरू नये म्हणून तिने फरशी कोरडी पुसली. मग कुंडी उचलली, तसे बाबा कुशीवर वळले.

"आता ती कुठे नेतेस?"

"पुढच्या खोलीत. तिथे उजेड बरा आहे. दार उघडं ठेवते, म्हणजे तुम्हाला इथून दिसेल."