आशीर्वादाची झावळी

वारा फिरलेला पाहताच पास्कूनं उचललेला नांगर पुन्हा वाळूत रोवला. "रोज देवाकडे शहाणपण मागतो, इनास. आज त्यानं दिलंय. होडी काढायची नाही."

"दादा, तू भित्रा! हातात बांगड्या भर," धाकटा भाऊ हसला. "झावळ्यांच्या रविवारी फादरनं आशीर्वाद दिलेली झावळी होडीच्या टोकाला बांधलीय ना!"

"आशीर्वाद होडीला दिलाय. तुझ्या हट्टाला नाही."

इनास एकटाच गेला.

वादळ ओसरल्यावर समुद्रानं होडी परत आणून दिली. आशीर्वाद अगदी चोख निघाला होता. होडीला साधा ओरखडा नव्हता, झावळीची गाठही सुटली नव्हती. आत फक्त इनास नव्हता.

त्याची बायको रडत पास्कूवर धावून आली. "देवानं तुम्हालाच तेवढं सांगितलं? ह्यांना का नाही?"

"दोघांना एकदमच सांगितलं, पोरी," झावळीची गाठ सोडवत पास्कू म्हणाला. "मी भित्रा, म्हणून ऐकलं."