मुकादमाचा कागद

गटारात माणूस उतरवायला कायद्याने बंदी आली, ही बातमी लेकीने बापाला दोनदा वाचून दाखवली. वीस वर्षं चेंबरमध्ये उतरलेल्या बापाचा जीव भांड्यात पडला.

"मग आता तुम्हाला काम कुठलं देणार?"

"ते या कागदात असेल बघ. मुकादमाने आजच दिलाय. उद्या येताना अंगठा उठवून आण म्हणाला."

लेकीने कागद उलगडला. आधी मनात वाचला, मग मोठ्याने.

"मला कोणीही खाली उतरवलेले नाही. रस्त्याने जाताना पाय घसरून मी चेंबरमध्ये पडलो."

"अगं, पण मी कधी पडलो?" बाप गोंधळला.



"तारखेची जागा मोकळी ठेवलीय, बाबा."