माळावरचा गोल खड्डा

रखमाजीची थोरली लेक सासरी गेली, त्या वर्षीची गोष्ट. त्याचा धाकटा भाऊ कोंडिबा, शाळेतला चित्रकलेचा मास्तर, माळावर नुसत्या हातांनी गोल खड्डा खणत होता. आत बसून माणसाने फक्त आभाळ बघावं, एवढीच त्याची कला. गाव म्हणालं, मास्तर गुप्तधन काढतोय, आता नरबळी देणार.

अमावास्येच्या दुपारी पन्नासेक माणसं काठ्या घेऊन माळावर चढली. रखमाजी पुढे धावला.

"कोंड्या, वर ये! खड्डा बुजवतो म्हण!"

"दादा, वीतभरच राहिलंय. तूच उतरून बघ की!" मास्तर हसला.

"थोरलाही सामील दिसतोय," मागून कोणी म्हणालं.

आपणच एक ठेवून दिली तर गाव निवेल, असं रखमाजीला वाटलं. त्याने बखोट धरून भावाला वर ओढलं आणि सगळ्यांदेखत फाडकन मुस्काटात मारली.

"सख्ख्या भावाने हात उचलला, आपण कशाला थांबायचं?"

काठ्या सुरू झाल्या. रखमाजी भावावर आडवा पडला, तर त्याला पाय धरून फरफटत बाजूला काढलं.

कोंडिबा मास्तर मार्गशीर्षातल्या त्याच अमावास्येला, दिवस मावळायच्या आत वारला.