टाकीतल्या अक्षता

"तीन फिल्टर बदललेस, तरी गाडी दर चार किलोमीटरला बंद. तू मिस्त्री आहेस की फिल्टरचा एजंट?" पाटणकर गुरुजींनी हे मुद्दाम, गॅरेजमधल्या दोन गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं विचारलं. सोपान मिस्त्रीचं गावातलं नाव आता या जुन्या डिझेल गाडीच्या हाती होतं.

सोपानने थेट टाकीच उतरवून घमेल्यात उपडी केली. आधी गाळ पडला, मागोमाग हळद-कुंकवातले तांदूळ. डिझेल ओढणाऱ्या नळीची जाळी त्यांनी पार लिंपून टाकली होती.

"गुरुजी, हे काय?"

"अक्षता. दर दसऱ्याला टाकीत चिमूटभर घालतो. बॉनेटला हार कुणीही घालतं. गाडीच्या पोटात नको काही जायला?"

"किती वर्षं?"

"अठरा."

सोपानने अठरा वर्षांची भक्ती खरवडून काढली, जाळी धुतली, टाकी चढवली. गाडी न थांबता गावाला तीन फेऱ्या मारून आली. सोपानचा जीव भांड्यात पडतो तोच गुरुजी गिऱ्हाइकांकडे वळले.

"बघितलात अक्षतांचा गुण? एवढी तुंबूनही अठरा वर्षं चालली. यानं सगळ्या काढून टाकल्या. आता बंद पडली, तर जबाबदार कोण?"