वरच्या मजल्याचं भाडं

"भाडं थकवणारा माणूस हा देशाचा शत्रू असतो!" अशी गर्जना करत जठारपेठेतले घरमालक चंद्रभानजी जिना चढू लागले आणि चौथ्या पायरीवर धाप लागून बसले. दम खाऊन उठले, वर पोचले आणि भाडेकरूचं दार बडवलं.

"दोन महिने झाले नितेश, एक रुपया नाही! लाज नाही वाटत काय तुले?"

समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईचे हात थांबले. नितेश दाढीचा साबण लागल्या तोंडानं बाहेर आला आणि त्यानं मोबाइल पुढे धरून दबक्या आवाजात सांगितलं.

"काका, दोन्ही महिन्यांचं भाडं भरलं मी. ह्या पाहा पावत्या. तुमीच म्हणाले ना, नगद नको, त्या ॲपवर भर, थे लोक माह्या खात्यात टाकतात म्हणून? त्यायनंच दाबले असतीन पैसे."

चंद्रभानजींनी पावत्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. मान खाली गेली, आवाज त्याहून खाली.

"माहीत हाय रे बापा. ॲपवाले पसार झाले. मले कवाचंच समजलं."

"मंग मले काहून झापून राहिले?"

चंद्रभानजींनी जिन्याकडे कानोसा घेतला.

"तुही काकू पहिल्यापासून म्हणे, भाडं हातात घ्या. मी तिले चारचौघांत अडाणी म्हटलं. आता कोणत्या तोंडानं सांगू? खाली उभी राहून ऐकून राहिली ती. आणखी दोनच मिनिटं बोलणी खाऊन घे. अन् जमलं तर जराक रडवेला आवाज काढ."